किल्ट खुशाल घाला, तुरा मात्र पलटणीचा

मार्च महिना जवळ आला की डब्लिन, बेलफास्ट, टोरोंटो, न्यूयॉर्क अशा शहरांत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये एक विषय हमखास निघतो. १७ मार्चला सेंट पॅट्रिक दिनाची मिरवणूक असते, ऑफिसातल्या आयरिश सहकाऱ्याच्या लग्नाचे आमंत्रण आलेले असते किंवा मुलीची निवड पाइप बँडमध्ये झालेली असते. किल्ट भाड्याने आणायचे ठरते आणि दुकानाच्या यादीत ‘आयरिश मिलिटरी’, ‘रेजिमेंटल’, ‘आयरिश गार्ड्स’ अशी नावे दिसली की हात अडखळतो. परक्या माणसाने हे घातलेले चालते का? कोणाला लागेल का? आणि कायद्याचे काय?

नियम फार गुंतागुंतीचे नाहीत. कापड कोणीही घालावे. पलटणीची ओळख सांगणारे बिल्ले, तुरे, बटणे मात्र ज्यांनी ती नोकरीत मिळवली त्यांचीच. एवढा भेद ध्यानात ठेवलात तर बहुतेक प्रश्न जागच्या जागी सुटतात. उरतात ते जागेचे, दिवसाचे आणि सोबतच्या माणसांच्या आठवणींचे प्रश्न. खरी काळजी तिथे घ्यावी लागते.

आयरिश फौजी किल्ट चौकड्यांचा नसतो

गोंधळाचे मूळ इथे आहे. स्कॉटलंडमधल्या पलटणींची ओळख त्यांच्या टार्टनवरून, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकड्यांवरून होते. ब्लॅक वॉचचा गडद हिरवा-निळा चौकडा जगभर ओळखला जातो. आयर्लंडची रीत निराळी आहे. तिथल्या पलटणींमध्ये सगळे जवान किल्ट घालत नाहीत, फक्त पाइपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारे, घालतात, आणि तो किल्ट एकरंगी असतो. एकही रेघ नाही, चौकडा नाही, नुसता केशरी.

या केशरी रंगाबद्दल मराठी वाचकांनी थोडे सावध राहावे. आपल्या डोळ्यांपुढे लगेच भगवा उभा राहतो, पण फौजी पाइपरचा किल्ट तसा झळाळता नसतो. जुनी मोहरी असते तसा तो तपकिरीकडे झुकणारा, मंद पिवळा असतो. ऑनलाइन दुकानांत ‘सॅफ्रन’ म्हणून चकचकीत नारिंगी ॲक्रिलिकचे किल्ट सर्रास मिळतात. ते दिसायला चुकीचे आहेतच, पण उत्तर आयर्लंडमध्ये नारिंगी रंगाला ऑरेंज ऑर्डरचा, म्हणजे तिथल्या ब्रिटननिष्ठ प्रोटेस्टंट संघटनेचा संदर्भ आहे. नकळत भलताच पक्ष घेतल्यासारखे व्हायला नको.

केशरी किल्ट वापरणाऱ्यांची यादी पाहिली की तो कोणा एकाच्या मालकीचा का नाही, हे समजते. ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश गार्ड्सचे पाइपर तो घालतात. ही पलटण बोअर युद्धात लढलेल्या आयरिश सैनिकांचा मान म्हणून राणी व्हिक्टोरियाच्या आदेशाने १ एप्रिल १९०० रोजी उभी राहिली. १९९२ साली स्थापन झालेल्या रॉयल आयरिश रेजिमेंटचे आणि लंडन आयरिश रायफल्सचे पाइपरही तोच घालतात. कॅनडातल्या सडबरी इथल्या आयरिश रेजिमेंट ऑफ कॅनडामध्ये तर पाइपरच नव्हे, सगळ्याच हुद्द्यांचे लोक केशरी किल्ट घालतात. आणि ब्रिटिशांशी लढून उभ्या राहिलेल्या स्वतंत्र आयर्लंडच्या सैन्याचे पाइपर? त्यांचाही किल्ट केशरीच.

एमन केंट हे नाव इथे सांगायलाच हवे. १९०८ मध्ये रोमला पोप दहावे पायस यांच्यासमोर आयरिश पाइपरच्या पोशाखात बॅगपाइप वाजवणारा हा तरुण पुढे १९१६ च्या ईस्टर उठावाच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सातांपैकी एक झाला आणि ब्रिटिशांनी त्याला गोळ्या घातल्या. ज्या पाइपरच्या वेशाने राजाच्या पलटणी मिरवल्या, त्याच वेशाने त्यांच्याशी लढणारेही मिरवले. म्हणून साधा केशरी किल्ट घातला म्हणजे ब्रिटिश फौजेची किंवा बंडखोरांची बाजू घेतली, असे कोणी मानत नाही.

मग आयरिश टार्टन म्हणून जे विकतात ते काय?

ते बहुतेक प्रदेशांचे टार्टन असतात, पलटणींचे नव्हेत. सर्वांत जुना दाखला अल्स्टरचा आहे. १९५६ मध्ये डंगिव्हनजवळ एका शेतकऱ्याला मातीखाली कपड्यांचा जोड सापडला. त्यात लोकरी जाकीट होते, मोठी शाल होती आणि चौकड्यांच्या कापडाची तंग विजार होती. कपडे साधारण १६०० च्या आगेमागे वापरलेले. दलदलीच्या मातीने मूळ रंग बदलून गेले होते, म्हणून आज अल्स्टर टार्टन दोन रूपांत विकले जाते: मातीत मुरलेल्या तांबूस छटेचे आणि मूळ रंगांचा अंदाज बांधून विणलेले. आयर्लंडच्या ३२ काउंट्यांची प्रसिद्ध टार्टन त्या मानाने कालपरवाची आहेत. हाउस ऑफ एडगर या स्कॉटिश कापडउत्पादकांसाठी पॉली विटरिंग यांनी ती १९९६ मध्ये रेखाटली. कॉर्कमध्ये राहता म्हणून कॉर्कचे टार्टन निवडलेत, तर त्यात गैर काहीच नाही. कोणाच्या परवानगीचीही गरज नाही.

खरा सापळा विक्रेत्यांच्या नावांत आहे. ‘कॉनॉट रेंजर्सचे अस्सल टार्टन’ किंवा ‘डब्लिन फ्युझिलियर्सचा मूळ चौकडा’ अशी जाहिरात दिसली तर विश्वास ठेवू नका. या पायदळ पलटणींचे जवान पाटलोणी घालत, किल्ट नव्हे. त्यांच्या नावाने आज विकला जाणारा चौकडा हा कोणा डिझायनरच्या आवडीचा भाग असतो. आवडला तर जरूर घ्या, पण पणजोबांनी हेच अंगावर घातले होते असे समजून दुप्पट पैसे मोजू नका.

चौकड्याची खात्री करायची असेल तर ‘स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स’ ही सरकारी नोंदवही आहे. ती २००८ च्या कायद्याने निर्माण झाली, २००९ पासून सुरू आहे आणि कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. नोंदीत टार्टनचा प्रकार (घराण्याचे, प्रदेशाचे, फौजी, संस्थेचे) दिलेला असतो आणि वापराबद्दल नोंदवणाऱ्याने काही अट घातली असेल तर तीही. मात्र नोंद झाली म्हणून त्या रचनेवर आपोआप मालकी हक्क मिळत नाही. तो कॉपीराइटचा आणि डिझाइन कायद्याचा स्वतंत्र विषय आहे. खरोखर राखीव टार्टन फार थोडी. ब्रिटिश राजघराण्याचे बालमोरल हे त्यांतले ठळक. ते राजघराण्यातल्या व्यक्ती आणि राजाचा खास पाइपर एवढ्यांसाठीच आहे.

काय घालावे, काय दुकानातच ठेवावे

आयरिश गार्ड्सच्या पाइपरकडे एकदा नीट पाहा. खाली केशरी किल्ट, पायांत हिरवे मोजे आणि जड काळे बूट, वर गडद हिरवा अंगरखा, खांद्यावरून मागे सोडलेली हिरवी शाल. डोक्यावर एका बाजूला कललेली ‘कॉबीन’ नावाची सैलसर टोपी आणि तिच्यावर फिकट निळा तुरा. अंगरख्याची बटणे चार-चारच्या गटांत टाकलेली असतात, कारण गार्ड्सच्या पायदळ पलटणींमध्ये ज्येष्ठतेने ही चौथी. बटणांची मांडणीसुद्धा पलटणीचे नाव सांगते, इतका हा पोशाख बोलका आहे. म्हणूनच एखादी वस्तू वेगळी घातली तर चालून जाते, पण सगळा संच जमवला की तो गणवेश होतो.

हे निर्धास्त घाला:

- साधा केशरी किल्ट आणि त्यावर नेहमीचे ट्वीडचे किंवा काळे जाकीट;
- काउंटीचे, अल्स्टरचे किंवा ‘आयरिश नॅशनल’ नावाचे टार्टन;
- ब्लॅक वॉचचा चौकडा. तो मूळचा फौजी असला तरी शतकभराहून जास्त काळ सर्वसामान्य लोक वापरत आहेत आणि शाळांच्या गणवेशांतही आहे;
- शॅमरॉक, म्हणजे तिपानी पाल्याची छोटी जुडी. सेंट पॅट्रिक दिनी ती कोणीही लावावी.

हे टाळा:

- पलटणीचे चिन्ह असलेला टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची अक्षरे, हुद्द्याच्या पट्ट्या;
- कॉबीनवरचा तुरा. रॉयल आयरिशचा हिरवा, आयरिश गार्ड्सच्या पाइपरांचा आणि लंडन आयरिशचा निळा. कॉबीन आवडत असेल तर बिनतुऱ्याची घाला;
- पलटणीच्या चिन्हाची बटणे. जुन्या बाजारातून फौजी जाकीट घेतले असेल तर बटणे बदलून घ्या, शिंप्याचे तासाभराचे काम आहे;
- पलटणीचा टाय. तो तिथे सेवा केलेल्यांनी घालायचा असतो, आणि लग्नात एखादा निवृत्त सैनिक आपुलकीने जवळ येऊन ‘कुठल्या तुकडीत होतात?’ असे विचारण्याची पुरेपूर शक्यता असते.

मोज्यात खोचायचा छोटा सुरा हा स्कॉटिश रिवाज आहे. आयरिश पोशाखात तो नसला तर काहीच अडत नाही. ब्रिटनच्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून त्याला सूट आहे. इतर देशांत ती गृहीत धरू नका आणि विमानात हातातल्या सामानात तो ठेवू नका.

कायदा काय म्हणतो

ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडसाठी १८९४ चा गणवेश कायदा अजून लागू आहे. परवानगीशिवाय सैनिकी गणवेश, किंवा गणवेशासारखा दिसणारा अथवा पलटणीची खास चिन्हे असलेला पोशाख घालणे हा त्याखाली गुन्हा ठरतो आणि दंड होऊ शकतो. नाटक आणि तत्सम प्रयोगांना सूट आहे. पण गणवेशाची बेअब्रू होईल अशा तऱ्हेने तो वापरला तर तो वेगळा गुन्हा. कायद्याचा रोख चिन्हांवर आणि एकूण रूपावर आहे. नुसत्या किल्टच्या कापडाला तो लागू होत नाही. आयर्लंड प्रजासत्ताकात १९५४ च्या संरक्षण कायद्याने तिथल्या सैन्याच्या गणवेशाला असेच संरक्षण दिलेले आहे.

भारतात परतल्यावर हाच पोशाख एखाद्या स्नेहसंमेलनात घालणार असाल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १६८ माहीत असू द्या. आपण सैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा या हेतूने सैनिकाच्या वेशासारखा वेश घातला किंवा तसे चिन्ह बाळगले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. इथे हेतूला महत्त्व आहे. बिल्ले आणि पट्ट्या नसलेला आयरिश किल्ट घालून कोणी भारतीय जवान म्हणून मिरवत नसतो.

दिवस आणि गाव पाहून

कायद्यात बसणारी गोष्टही एखाद्या रस्त्यावर टोचू शकते. २६ जुलै १९१४ रोजी डब्लिनच्या बॅचलर्स वॉकवर किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्स या पलटणीने जमावावर गोळ्या झाडल्या आणि निःशस्त्र नागरिक मेले. ३० जानेवारी १९७२ ला डेरीमध्ये पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी मोर्च्यातल्या १३ जणांना ठार केले, एक जखमी पुढे वारला. रॉयल आयरिश रेजिमेंट ज्या दोन पलटणींच्या विलीनीकरणातून झाली, त्यांतली अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट १९७० ते १९९२ अशी उत्तर आयर्लंडमध्येच तैनात होती. एका वस्तीत तिच्या जवानांच्या थडग्यांवर आजही फुले वाहतात, शेजारच्याच वस्तीत तिचे नाव कडवटपणे घेतले जाते. दोन्ही घरांतले दुःख खरे आहे, आणि पाहुण्याने त्यात पडू नये.

म्हणून बेलफास्ट किंवा डेरीला जाणार असाल तर ब्रिटिश पलटणींशी जोडलेली कोणतीही खूण, अगदी टी-शर्टवरचे छापील चिन्हसुद्धा, घरी ठेवा. ऑरेंज ऑर्डरच्या मिरवणुकांच्या दिवसांत, १२ जुलैच्या आसपास, तर नक्कीच. लग्नाला जाताना यजमानांना आधी एक साधा प्रश्न विचारा: ‘केशरी किल्ट घालून आलो तर घरच्यांना चालेल ना?’ त्यांना बरेच वाटेल. नोव्हेंबरमधल्या युद्धस्मृतीच्या कार्यक्रमांना पाहुणे म्हणून साधा गडद सूट सर्वांत योग्य. किल्ट घालायचाच असेल तर दागदागिन्यांविना.

घराण्यात कोणी या पलटणींत असेल तर

हा प्रश्न मराठी मुलखात वाटतो तितका दूरचा नाही. १८८१ च्या फेररचनेत मुंबई इलाख्यात घडलेल्या दोन युरोपीय पलटणी आयरिश झाल्या. १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स ही रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन बनली, आणि १०९ वी बॉम्बे इन्फन्ट्री लेन्स्टर रेजिमेंटची. मुंबई, पुणे, देवळाली इथल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत या नावांची पदके, जुने कागद, एखादा छायाचित्रातला पणजोबा असू शकतो.

अशा वेळी पदके लावायचा अधिकार नात्याने मिळतो, पण बाजू बदलून. स्वतः मिळवलेली पदके छातीच्या डाव्या बाजूला आणि पूर्वजांची उजव्या बाजूला, ही राष्ट्रकुल देशांतली सर्वमान्य रीत आहे. ती स्मृतिदिनी किंवा पलटणीच्या समारंभाला लावावी. लग्नाच्या नाचगाण्यात नको. बिल्ला मात्र पूर्वजांचा असला तरी टोपीवर लावू नका. चौकटीत बसवून भिंतीवर ठेवलेला तो जास्त शोभतो.

डब्लिन फ्युझिलियर्स, लेन्स्टर, मन्स्टर फ्युझिलियर्स, कॉनॉट रेंजर्स आणि जुनी रॉयल आयरिश या पाचही पलटणी १९२२ मध्ये आयर्लंडच्या स्वातंत्र्याबरोबर बरखास्त झाल्या. त्यांची निशाणे विंडसरला राजाच्या स्वाधीन करण्यात आली. बरखास्त झाल्यामुळे परवानगी देणारे कार्यालय उरले नाही, पण वंशजांच्या आणि इतिहासप्रेमींच्या संघटना आहेत. शंका असेल तर त्यांना लिहा. कॉनॉट रेंजर्सच्या बाबतीत तर ते आवर्जून करावे. याच पलटणीच्या जवानांनी आयर्लंडमधल्या ब्रिटिश दडपशाहीच्या निषेधार्थ जून १९२० मध्ये जालंधरला शस्त्रे खाली ठेवली, आणि जेम्स डेली या तरुणाला २ नोव्हेंबरला डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. १९७० मध्ये त्याचे अवशेष मायदेशी नेले गेले. एकाच बिल्ल्याखाली महायुद्धात पडलेले आणि बंडात पडलेले असे दोन्ही आहेत. कोणत्या आठवणीसाठी तो काढला जातो आहे, हे समारंभाच्या आयोजकांना आधी कळवलेले बरे.

बँडमध्ये जाताना

मुलांना पाइप बँडमध्ये घातले असेल तर काळजीचे कारण नाही. किल्ट बँड देतो आणि त्याचे नियमही बँडच ठरवतो. पोशाख बहुधा बँडच्या मालकीचा असतो. बँड सोडताना परत द्यावा लागतो आणि खासगी कार्यक्रमात वापरायला परवानगी लागते. पलटणीशी संलग्न बँड असेल तर तुरा आणि बिल्ला नागरी वादकांना केव्हा लावता येतो, हे पाइप मेजरना, म्हणजे बँडच्या प्रमुखांना, विचारा. त्यांचा शब्द अखेरचा.

विकत घेताना

पूर्ण मापाच्या किल्टला परंपरेने ८ यार्ड कापड लागते, आणि १३ किंवा १६ औंसांची लोकर चांगली पडते. एकरंगी केशरीत चौकडा जुळवायचा नसल्याने चुण्या सोप्या असतात. ‘केशरी’च्या नावाखाली जास्त शिलाई कोणी मागत असेल तर कारण विचारा. किल्टची कड गुडघ्याच्या मध्यावर यावी आणि वरचा पदर घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला बंद व्हावा. सियालकोटला बनलेले स्वस्त किल्ट जगभर जातात. एका मिरवणुकीपुरते ते ठीक आहेत, पण ‘फौजी दर्जाचा’ या शब्दांना तिथे काही अर्थ नसतो.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेला तयार किल्ट १४ दिवसांत कारण न देता परत करता येतो. मापावर शिवून घेतलेल्या कपड्याला हा हक्क नाही. तो सदोष निघाला किंवा दिलेल्या मापाचा नसला तरच भरपाई मिळते. म्हणून कापडाचा नमुना आधी टपालाने मागवा, दिवसाच्या उजेडात रंग पाहा, मगच मापे पाठवा. आणि जाहिरातीत पलटणीचे नाव असेल तर त्याचा आधार लेखी मागा.

कोणी हटकलेच तर

मिरवणुकीत एखादा वयस्कर माणूस थांबवून विचारतो, ‘हे का घातलेस?’ बहुतेक वेळा त्यामागे राग नसतो, ओळखीची वस्तू अनोळखी माणसाच्या अंगावर दिसल्याचे कुतूहल असते. कायद्याची कलमे सांगू नका. कुठून आलात, कोणाच्या लग्नाला किंवा कोणत्या बँडसोबत आला आहात, ते सांगा. त्याने टोपीवरच्या किंवा कोटावरच्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवले तर ती तिथेच काढून खिशात ठेवा आणि ती कोणाची खूण आहे ते त्यालाच विचारा. किल्ट काढायला सहसा कोणी सांगत नाही.